हृदयरोगतज्ज्ञाचे शिक्षण व व्यवसाय

हृदयरोगतज्ज्ञ म्हणजे हृदय व रक्तवाहिन्या यांच्या विकारांचे निदान व उपचार करणारा, आधुनिक वैद्यकशास्त्रातील अतिविशेषोपचार पदवी मिळविलेला डॉक्टर. भारतात बारावीनंतर ही पदवी मिळेपर्यंत किमान साडेअकरा वर्षे लागतात. या काळात विद्यार्थी एमबीबीएस, एमडी व डीएम अशा तीन पायऱ्या चढतो आणि प्रत्येक पायरीपूर्वी त्याला राष्ट्रीय पातळीवरील प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. प्रस्तुत लेखात या शिक्षणक्रमाची, नोंदणीच्या नियमांची व व्यवसायाच्या स्वरूपाची माहिती दिली असून महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचे उदाहरण घेऊन ग्रामीण भागातील रुग्णाच्या दृष्टीने या प्रशिक्षणाचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

संज्ञा

‘तज्ज्ञ’ हा शब्द ‘तत्’ आणि ‘ज्ञ’ यांच्या संधीने झाला असून ‘ते जाणणारा’ असा त्याचा अर्थ आहे. नामफलकांवर पुष्कळदा ‘तज्ञ’ असे लिहिलेले आढळते. व्युत्पत्तीनुसार ‘तज्ज्ञ’ हे रूप शुद्ध होय. इंग्रजीतून आलेला ‘कार्डिओलॉजिस्ट’ हा शब्द ‘हृदय’ या अर्थाच्या ‘कार्डिया’ या ग्रीक शब्दावरून बनला आहे. भारतीय परंपरेत हृदयाच्या विकारांना ‘हृद्रोग’ म्हटले असून चरकसंहितेत त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत.

बोलीभाषेत ‘हार्टचा डॉक्टर’ ही एकच संज्ञा तीन वेगवेगळ्या डॉक्टरांसाठी वापरली जाते. त्यांतील भेद पुढीलप्रमाणे आहे :

१. भिषक् (फिजिशियन) : एमडी (सामान्य वैद्यकशास्त्र) ही पदवी घेतलेला डॉक्टर. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार अशा अनेक रोगांवर तो उपचार करतो. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध देण्याचे प्रशिक्षण त्याला मिळालेले असते.

२. हृदयरोगतज्ज्ञ (कार्डिओलॉजिस्ट) : एमडीनंतर डीएम (हृदयरोगशास्त्र) किंवा तिच्याशी समकक्ष डीआरएनबी ही पदवी घेतलेला डॉक्टर. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, पेसमेकर बसविणे या प्रक्रिया तो करतो. छाती उघडून केली जाणारी शस्त्रक्रिया त्याच्या कामात येत नाही.

३. हृदयशल्यविशारद (कार्डियाक सर्जन) : एमएस (सामान्य शल्यचिकित्सा) या पदवीनंतर एमसीएच ही पदवी घेतलेला डॉक्टर. बायपास, हृदयाच्या झडपा बदलणे, जन्मजात दोष दुरुस्त करणे व हृदयप्रत्यारोपण या शस्त्रक्रिया तो करतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हृदयरोगशास्त्र ही स्वतंत्र शाखा म्हणून विसाव्या शतकात उदयास आली. १८१६ मध्ये फ्रेंच वैद्य रने लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधून काढला. डच शास्त्रज्ञ विलेम आइंथोवन यांना हृदयाचा विद्युत् आलेख (ईसीजी) काढण्याच्या तंत्राबद्दल १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये जर्मनीतील व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हातातील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि क्ष-किरण छायाचित्र काढून ती तेथे पोहोचल्याचे सिद्ध केले. १९५६ मध्ये त्यालाही नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आज कॅथलॅबमध्ये होणाऱ्या सर्व प्रक्रियांचे मूळ या प्रयोगात आहे. १९७७ मध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिक येथे हृदयाच्या रोहिणीतील अडथळा फुग्याच्या साहाय्याने दूर केला आणि अँजिओप्लास्टीचे युग सुरू झाले.

भारतात या शाखेच्या प्रशिक्षणाची सोय होण्यापूर्वी इच्छुक डॉक्टरांना परदेशी जावे लागे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचे वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये झाले. सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम दाखविणारा त्यांचा शोधनिबंध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला व १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती (१९१७–२०२०) यांनी अमेरिकेत हेलन टाउसिग व पॉल डडली व्हाइट यांच्या हाताखाली प्रशिक्षण घेतले. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांची संघटना (कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया) १९४८ मध्ये स्थापन झाली.

महाराष्ट्रात मुंबईचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न असलेले केईएम रुग्णालय (स्थापना १९२६) हे या शाखेचे आद्य केंद्र ठरले. केप टाउन येथे ख्रिस्तियान बार्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएम रुग्णालयात भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. तथापि या शस्त्रक्रियेमागे प्रयोगशाळेतील अनेक वर्षांची तयारी होती. भारतातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले.

मराठी समाजात हृदयशस्त्रक्रियेचे नाव घरोघरी पोहोचविणाऱ्यांत डॉ. नितू मांडके (१९४८–२००३) यांचा उल्लेख केला जातो. हजारो हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या मांडके यांचे २२ मे २००३ रोजी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानेच निधन झाले. अंधेरी येथे त्यांनी आरंभिलेला मोठ्या रुग्णालयाचा प्रकल्प पुढे कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय या नावाने पूर्ण झाला.

शिक्षणक्रम

पहिली पायरी : एमबीबीएस

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा (नीट) द्यावी लागते. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता (इंटर्नशिप) असते. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे आरंभीचे विषय होत. पुढे विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि अखेरीस वैद्यकशास्त्र, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग, बालरोग इत्यादी विषय शिकविले जातात. हृदयाचे ठोके कानांनी ऐकून त्यांतील दोष ओळखणे, नाडी पाहणे व ईसीजी वाचणे यांची ओळख याच टप्प्यात होते. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यास महाराष्ट्रात बंधपत्रानुसार एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. अनेक नवपदवीधर हे वर्ष ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात व्यतीत करतात.

दुसरी पायरी : एमडी

एमबीबीएसनंतर पदव्युत्तर नीट परीक्षेतील गुणवत्तेनुसार एमडी (सामान्य वैद्यकशास्त्र) या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. एमडी (बालरोगशास्त्र) झालेले डॉक्टरही पुढे हृदयरोगशास्त्राकडे वळू शकतात. या काळात विद्यार्थी ‘निवासी डॉक्टर’ असतो. वॉर्डातील रुग्णांची रोजची तपासणी, रात्रपाळी व अतिदक्षता विभागातील काम करीतच त्याला शिकावे लागते. एका विषयावर प्रबंध लिहिणेही आवश्यक असते.

२०२० मध्ये या टप्प्यात जिल्हा निवासी कार्यक्रमाची भर पडली. त्यानुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या प्रशिक्षणकाळातील तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावयाचे असते. मोठ्या शहरांतील सुसज्ज रुग्णालयांत शिकणाऱ्या डॉक्टरांना जिल्ह्यातील परिस्थितीचा परिचय व्हावा आणि जिल्हा रुग्णालयास प्रशिक्षित मनुष्यबळ मिळावे, असा त्यामागील दुहेरी उद्देश आहे.

तिसरी पायरी : डीएम किंवा डीआरएनबी

एमडीनंतर अतिविशेषोपचार नीट परीक्षा देऊन डीएम (हृदयरोगशास्त्र) या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. डीएम ही पदवी विद्यापीठ देते. डीआरएनबी ही समकक्ष पदवी राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळ देते व तिचे प्रशिक्षण मान्यताप्राप्त शासकीय तसेच खासगी रुग्णालयांतही घेता येते.

या तीन वर्षांत शिकणारा डॉक्टर वाचनापेक्षा हाताने अधिक शिकतो. प्रथम तो ईसीजी, इको व ताणचाचणी यांत पारंगत होतो. त्यानंतर कॅथलॅबमध्ये वरिष्ठांच्या शेजारी उभे राहून अँजिओग्राफीत साहाय्य करतो. पुढे वरिष्ठांच्या देखरेखीखाली ती स्वतः करतो व अखेरीस अँजिओप्लास्टीत सहभागी होतो. क्ष-किरणांपासून संरक्षण व्हावे म्हणून शिशाचा जड अंगरखा घालून तासन्‌तास उभे राहावे लागते. त्यामुळे पाठीचे व मणक्याचे विकार हा या व्यवसायातील नित्याचा धोका मानला जातो.

हृदयशल्यविशारदाचा मार्ग याला समांतर आहे. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमएस आणि तीन वर्षांचे एमसीएच असा तो क्रम होय. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीआरएनबी अभ्यासक्रमही उपलब्ध आहे.

पुढील प्रशिक्षण

डीएमनंतर काही डॉक्टर साधारणतः एक ते दोन वर्षांचे विशेष प्रशिक्षण (फेलोशिप) घेतात. अँजिओप्लास्टीसारख्या प्रक्रिया, हृदयाच्या लयीचे विकार, बालकांचे हृदयविकार व हृदय निकामी होण्यावरील उपचार हे त्याचे प्रमुख विषय आहेत. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी एकदाही न अडखळता पुढे गेल्यास तिशीच्या उंबरठ्यावर डीएम होतो. बंधपत्राची सेवा, प्रवेशपरीक्षांचे फेरप्रयत्न व विशेष प्रशिक्षण धरल्यास स्वतंत्र व्यवसायास आरंभ करताना त्याचे वय बत्तीस-तेहतीसच्या पुढे गेलेले असते.

नियमन व नोंदणी

भारतातील वैद्यकीय शिक्षणाचे नियमन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग करतो. २५ सप्टेंबर २०२० रोजी त्याने जुन्या भारतीय वैद्यक परिषदेची जागा घेतली. महाराष्ट्रातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न आहेत. अभिमत विद्यापीठे मात्र स्वतःच्या पदव्या देतात.

पदवी मिळाली तरी नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ नुसार काम करणाऱ्या परिषदेकडे डॉक्टरांची नोंदणी होते. एमडी व डीएम या अतिरिक्त पदव्यांचीही तेथे नोंद करावी लागते. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते व त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे तीस गुण मिळविणे आवश्यक असते. डॉक्टर नोंदणीकृत आहे की नाही, हे परिषदेच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते.

नामफलकावरील पदव्या

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतील तीन तरतुदी रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. डॉक्टरने औषधचिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक दिला पाहिजे. नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या तसेच व्यावसायिक ज्ञान वा गुणवत्ता दर्शविणारी प्रमाणपत्रे व सन्मानच लावावेत. ज्या शाखेची विशेष अर्हता नाही, त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये.

नामफलक वाचताना पदवी, सदस्यत्व व प्रमाणपत्र यांत भेद करावा लागतो. ‘डीएम (कार्डिओलॉजी)’ किंवा ‘डीआरएनबी (कार्डिओलॉजी)’ ही प्रत्यक्ष प्रशिक्षणाची व परीक्षेची पदवी आहे. डीआरएनबी हे नाव अलीकडचे असल्याने जुन्या डॉक्टरांच्या फलकांवर त्याऐवजी ‘डीएनबी (कार्डिओलॉजी)’ असते. ‘एफएसीसी’ हे अमेरिकेच्या तर ‘एफईएससी’ हे युरोपच्या हृदयरोग संघटनेचे मानाचे सदस्यत्व आहे. ते डॉक्टराच्या व्यावसायिक प्रतिष्ठेचे द्योतक असले, तरी डीएमचा पर्याय नव्हे. इको किंवा मधुमेह यांसारख्या विषयांतील काही आठवड्यांचे वा महिन्यांचे अभ्यासक्रम उपयुक्त असतात, परंतु तीन वर्षांच्या निवासी प्रशिक्षणाशी त्यांची बरोबरी होत नाही. अक्षरांची संख्या अधिक म्हणजे प्रशिक्षण अधिक, हा समज त्यामुळे योग्य ठरत नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. केवळ एमडी असलेला भिषक् हा ‘अर्धवट हृदयरोगतज्ज्ञ’ नव्हे. हृदयविकाराच्या झटक्यातील पहिल्या तासांत तालुक्याच्या गावी बहुधा त्याच्याच निर्णयावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील स्थिती

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७,०४८ चौ. किमी. असून त्यात चौदा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४५.४ लाख होती. जिल्ह्याचे ठिकाण पूर्व-मध्य भागात असल्याने काही तालुके त्यापासून फार दूर पडतात. अकोले हे सह्याद्रीच्या कुशीतील तालुक्याचे गाव सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तर दक्षिणेकडील जामखेड सुमारे ७५ किमी. अंतरावर आहे.

जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षणाचा पाया सहकारी चळवळीशी निगडित असलेल्या संस्थांनी घातला. राहाता तालुक्यातील लोणी येथे प्रवरा मेडिकल ट्रस्टने ग्रामीण रुग्णालय उभारले व १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय (रूरल मेडिकल कॉलेज) सुरू केले. या संस्थेस २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आशियातील आद्य सहकारी साखर कारखान्यांपैकी एक ज्या परिसरात उभा राहिला, तेथेच खेड्यातील विद्यार्थ्यांना डॉक्टर होण्याची सोय झाली, ही या जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासातील उल्लेखनीय घटना होय. नगरजवळ विळद घाट येथे पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे.

हृदयरोगावरील उपचारांच्या दृष्टीने शिर्डी येथील श्री साईबाबा संस्थानचे रुग्णालय व अहिल्यानगर शहरातील आनंदऋषीजी रुग्णालय ही जिल्ह्यातील महत्त्वाची केंद्रे आहेत. पहिले देवस्थानाच्या, तर दुसरे जैन समाजाच्या सेवाभावी संस्थेच्या आधारावर चालते. दोन्ही ठिकाणी हृदयशस्त्रक्रियेची सोय असल्याने आर्थिक दृष्ट्या दुर्बल रुग्णांना त्यांचा मोठा आधार वाटतो.

तथापि ही केंद्रे जिल्ह्यात सारख्या प्रमाणात विखुरलेली नाहीत. शिर्डी व लोणी ही दोन्ही गावे एकाच राहाता तालुक्यात आहेत, तर उर्वरित मोठ्या सोयी अहिल्यानगर शहरात व त्याच्या लगत आहेत. अकोल्याच्या रुग्णास संगमनेरमार्गे नाशिक, पारनेर-श्रीगोंद्याच्या रुग्णास पुणे, तर नेवासे-शेवगावकडील रुग्णास छत्रपती संभाजीनगर गाठणे पुष्कळदा सोयीचे ठरते. हृदयरोगतज्ज्ञ मोठ्या गावी एकवटण्यास कारणे आहेत. कॅथलॅबची उभारणी खर्चिक असते. ती चालविण्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ, परिचारिका, अखंड वीजपुरवठा व अडचणीच्या वेळी हृदयशल्यविशारदाचा आधार लागतो. ज्या कामासाठी डॉक्टरने बारा वर्षे घालविली, ते काम कॅथलॅबखेरीज त्याला करताच येत नाही.

खर्चाच्या दृष्टीने राज्य शासनाच्या योजनेने मोठा फरक पडला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली व २०१३ मध्ये ती अहिल्यानगरसह उर्वरित राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. अँजिओप्लास्टी व बायपास यांचा समावेश असलेल्या या योजनेची वार्षिक मर्यादा पुढे प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली.

हृदयविकाराचा झटका व उपचारांची साखळी

हृदयाच्या रोहिणीत गुठळी होऊन रक्तपुरवठा थांबला, की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने निकामी होऊ लागतो. रुग्ण दवाखान्यात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी काढावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. निदानापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल, तर तोच उत्तम उपचार मानला जातो. ते शक्य नसल्यास आणि रुग्णाला त्या औषधापासून रक्तस्रावाचा विशेष धोका नसल्यास, जवळच्या रुग्णालयातच गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देऊन नंतर रुग्णास कॅथलॅब असलेल्या ठिकाणी हलवितात. हे औषध बारा तासांपर्यंत देता येत असले, तरी त्याचा खरा लाभ पहिल्या दोन-तीन तासांत होतो.

जिल्ह्यातील अंतरे पाहता या दोन तासांचे महत्त्व लक्षात येते. जामखेड, पाथर्डी किंवा अकोल्याच्या आडगावी रात्री छातीत दुखू लागलेल्या शेतकऱ्याची पहिली गाठ प्राथमिक आरोग्य केंद्रातील एमबीबीएस डॉक्टरशी किंवा गावातील आयुर्वेद वा होमिओपॅथीच्या पदवीधराशी पडते. त्याने दुखण्याला ‘पित्त’ म्हणून वाटेला लावले, तर पुढील साखळीच तुटते. त्याने ईसीजी काढण्याची व्यवस्था केली आणि २०१४ पासून राज्यात सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली, तर तालुक्याच्या गावचा भिषक् इंजेक्शन देऊ शकतो व शहरातील हृदयरोगतज्ज्ञास पुढील उपचार करता येतात. ईसीजीचे छायाचित्र मोबाइलवरून पाठवून तज्ज्ञाचा सल्ला घेण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे.

हृदयरोगतज्ज्ञाचे साडेअकरा वर्षांचे शिक्षण रुग्णाच्या कामी येण्यासाठी त्याच्या आधीच्या प्रत्येक पायरीवरील डॉक्टरने आपले काम वेळेत करावे लागते. म्हणूनच ग्रामीण जिल्ह्यात हृदयरोगतज्ज्ञांची संख्या वाढविण्याइतकेच पहिल्या संपर्कातील डॉक्टरांना ईसीजी वाचण्याचे प्रशिक्षण देण्यासही महत्त्व आहे.